अद्भुताचे प्रामाण्य आणि पेरुंगुडीचा प्रेक्षक

एखाद्या कलाकृतीवरील पहिले जाहीर मत ती न पाहताच दिले जावे, हा प्रकार कलेच्या इतिहासात अपूर्व नाही. परंतु शंकर यांच्या ‘२.०’ या तमिळ चित्रपटाच्या बाबतीत तो ज्या गांभीर्याने घडला ते विचार करण्याजोगे आहे. हा चित्रपट २९ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तो लागण्यापूर्वीच मोबाईल सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडियाने, चित्रपट-प्रमाणन मंडळाकडे तक्रार दाखल केली. मोबाईल व त्याचे टॉवर यांच्याविषयी हा चित्रपट अवैज्ञानिक समज पसरवितो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागे घ्यावे, अशी तिची मागणी होती. जाहिरातीसाठी दाखविलेली दृश्ये एवढाच त्या मताचा आधार. पुढे चित्रपट लागला, रीतीप्रमाणे गर्दी झाली, आणि मतांचा पूर आला. त्या पुरात या तक्रारीचा विसर पडला. तरीही विज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या अद्भुताला कोणत्या कसोटीवर घासावे, हा तीत दडलेला प्रश्न तसाच उभा आहे, आणि त्याचे उत्तर ना तक्रारदारांनी नीट दिले, ना चित्रपटाच्या चाहत्यांनी.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. एक वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ मोबाईलच्या टॉवरवर गळफास लावून घेतो. त्यानंतर शहरातील माणसांच्या हातांतले मोबाईल एकाएकी आकाशात उडून जातात. लक्षावधी मोबाईल एकत्र येऊन त्यांचा एक अवाढव्य पक्षी बनतो, आणि मोबाईलच्या धंद्यात ज्यांचे हात गुंतलेले आहेत अशांचा तो एकामागून एक जीव घेऊ लागतो. हा पक्षिराजन, म्हणजे त्या शास्त्रज्ञाचा सूडाने पेटलेला आत्मा. त्याला रोखण्यासाठी डॉ. वसीगरन मोडीत काढलेल्या आपल्या चिट्टी या यंत्रमानवाला पुन्हा जोडतो. पुढचे सारे युद्धकांड आहे. वसीगरन आणि चिट्टी या दोन्ही भूमिका रजनीकांत यांच्या, पक्षिराजनची अक्षय कुमार यांची. पक्षिराजनचे रूप सलीम अलींवरून घेतलेले आहे, हे ती पांढरी दाढी आणि ती शरीरयष्टी पाहताच कळते.

प्रेक्षकांची जी मते ऐकू आली त्यांत ढोबळपणे तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह दृश्याच्या भव्यतेने दिपून गेलेल्यांचा. दुसरा, यात विज्ञान कुठे आहे, असे विचारणाऱ्यांचा. तिसरा प्रवाह संख्येने लहान आणि सर्वांत विचार करायला लावणारा आहे. पक्षिराजनचे म्हणणेच खरे होते. मग त्याचा पराभव पाहून आनंद का मानावा, असे तो विचारतो. हे तीन प्रवाह एकमेकांशी क्वचितच बोलतात. पहिल्याला दुसरा कोरडा वाटतो, दुसऱ्याला पहिला बालिश वाटतो, आणि तिसऱ्याकडे दोघेही भाबडेपणा म्हणून पाहतात.

प्रेक्षकांच्या मतांचा असा गलबला आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. ‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. तो वाचताना दोन हजार वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे होते. मानुषी सिद्धी वाणीने प्रकट होते तशी शरीरानेही. स्मित, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, वाढत जाणारा कोलाहल ही तिची वाचिक लक्षणे. रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्रे आणि अंगठ्या रंगमंचाकडे फेकणे ही शारीरिक. रजनीकांत यांच्या नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला चेन्नईच्या चित्रगृहात जे घडते त्याचे याहून नेमके वर्णन आजच्या एखाद्या वार्ताहरालाही साधणार नाही. शिट्ट्या, उधळलेले कागद, बाहेर उंच पुतळ्यावर दुधाचा अभिषेक! सुशिक्षित टीकाकार याला अडाणीपणा म्हणतो. भरत मात्र याला सिद्धी म्हणतो. अर्थात, तेवढ्यावर तो थांबत नाही. हिच्याहून वरची दैवी सिद्धी तो सांगतो: जिथे रंगस्थान भरलेले असते, आणि तरीही आवाज नसतो, क्षोभ नसतो. ‘२.०’ पाहणाऱ्यांना अशी नि:शब्दता काही क्षण लाभली असे अनेकांच्या बोलण्यावरून दिसते, आणि ते क्षण युद्धाचे नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात मेलेली पाखरे होती, त्या प्रसंगाचे ते होते.

त्याच अध्यायात मतभेद झाल्यास निर्णय कोणी करावा याचीही व्यवस्था आहे. भरत दहा प्राश्निक सांगतो: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणज्ञ, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवक. यातील मर्म असे की, प्रत्येकाने आपापल्या विषयापुरताच कौल द्यायचा. धनुर्धराने धनुष्य धरण्याची ढब पाहावी, चित्रकाराने वेषभूषा पाहावी, गायकाने स्वर आणि ताल पाहावेत. धनुर्धराला ढब चुकलेली दिसली तर तो ते सांगेल. त्यावरून नाटक फसले असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. मोबाईल कंपन्यांची संघटना ही या अर्थाने अकरावी प्राश्निक मानावयास हरकत नाही. तिचा स्वार्थ उघड आहे. पण स्वार्थ असलेल्या माणसाचे विधान तेवढ्यावरून खोटे ठरत नाही, हे तर्कशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो.

मग त्या विषयापुरता तिचा कौल कसा आहे? तो बव्हंशी बरोबर आहे, असेच म्हटले पाहिजे. टॉवरच्या लहरींचा पशुपक्ष्यांवर काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक तज्ज्ञसमिती नेमली होती, तिने २०११ साली काळजी व्यक्त केली. २०१२ च्या सप्टेंबरपासून टॉवरच्या प्रारणाची अनुज्ञेय मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशांशावर आणण्यात आली. म्हणजे शंका निराधार म्हणून झटकून टाकलेली नव्हती. परंतु शंका वेगळी आणि सिद्ध झालेले कारण वेगळे. २०२० साली देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल निघाला. ज्या चिमणीच्या नावाने टॉवरविरुद्ध सर्वाधिक अश्रू ढाळले गेले, ती मोठ्या शहरांत कमी झाली असली तरी देशात एकंदरीने टिकून आहे, आणि टॉवरच्या लहरींनी ती नाहीशी होते याला पुरावा नाही, असे त्यात सांगितले आहे. चित्रपटाने ज्याला खुनी म्हणून उभे केले, त्याच्यावरचा खून शाबीत झालेला नाही.

यावर चाहत्यांचे ठरलेले उत्तर असे की, हा चित्रपट आहे, प्रयोगशाळेतील निबंध नव्हे. हे उत्तर वरवर ॲरिस्टॉटलचे वाटते. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे, हा तिचे चित्र कुरूप काढण्यापेक्षा लहान अपराध आहे, असे त्याने म्हटलेच आहे. आणि संभवनीय वाटणारे अशक्य हे असंभवनीय वाटणाऱ्या शक्यापेक्षा कवीने पसंत करावे, असेही. परंतु या सवलतीची अट विसरता येत नाही. अशक्य चालेल, ते संभवनीय वाटले पाहिजे. अभिनवगुप्ताने रसविघ्ने सांगताना पहिले स्थान दिले ते संभावनाविरहाला. जे घडू शकेल असे प्रेक्षकाच्या मनाला वाटतच नाही, तेथे त्याचे संवेदन विसावत नाही, आणि रसाची गोष्टच उरत नाही. यावर अभिनवगुप्ताने सुचविलेला उपाय फार मार्मिक आहे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर ती रामासारख्या विख्यात नायकाच्या नावावर दाखवावीत. कारण त्या नावाच्या अखंड प्रसिद्धीने प्रेक्षकाच्या मनात विश्वास आधीच खोल रुजलेला असतो. समुद्रावर सेतू बांधणे कोणाही गोमाजीच्या नावावर खपणार नाही.

रजनीकांत या नावाचा तमिळ प्रेक्षकांवरील प्रभाव या दृष्टीने पाहिला म्हणजे नुसत्या लोकप्रियतेची गोष्ट राहत नाही. बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात १९५० साली जन्मलेला, बसवर वाहक म्हणून काम केलेला शिवाजीराव गायकवाड हा तरुण १९७५ साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये एका छोट्या भूमिकेत पडद्यावर येतो, आणि पुढच्या चार दशकांत एका संपूर्ण भाषासमूहाच्या मनात असा रुजतो की, त्याने केले म्हणजे ते होऊ शकते, ही त्या समूहाची सहजप्रवृत्ती बनते. नटाची प्रसिद्धी येथे अभिनवगुप्ताच्या ‘प्रख्यात’ नायकाचे कार्य करते. (मराठी माणसाने यात आपला अभिमान शोधावा असे काही नाही, हे रोपटे वाढले ते तमिळ मातीत आणि तमिळ पाण्यावर.) पहिल्या चित्रपटात, १ ऑक्टोबर २०१० रोजी आलेल्या ‘एन्दिरन’मध्ये, हे भांडवल अत्यंत शहाणपणाने खर्च झाले होते. ‘एन्दिरन’ हे नाव ‘यंत्र’ या शब्दाला तमिळचा पुल्लिंगी प्रत्यय लागून झालेले आहे. ‘यंत्रपुरुष’ असे त्याचे भाषांतर करता येईल. हिंदी आवृत्तीत त्याचे ‘रोबोट’ झाले. चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेलेल्या या शब्दाच्या मुळाशी चेक भाषेतील वेठीचा अर्थ आहे. एका भाषेत तो पुरुष होतो, दुसरीत वेठबिगार. भाषांतरात असे अपघात होतात, आणि कधी कधी ते मूळ कृतीवर टीका करून जातात. कारण ‘एन्दिरन’चे कथानक नेमके याच दोन अर्थांमधून चालते.

त्या चित्रपटाच्या लेखनात सुजाता यांचा हात होता. सुजाता म्हणजे एस. रंगराजन. पेशाने अभियंता, भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या घडणीत सहभागी असलेला, आणि तमिळमध्ये विज्ञानकथा लोकप्रिय करणारा हा लेखक चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, २००८ साली, वारला. त्यांची शिस्त पटकथेत दिसते. आगीत सापडलेल्या माणसांना चिट्टी वाचवितो. स्नानगृहात अडकलेल्या एका मुलीला तो विवस्त्र अवस्थेतच उचलून लोकांसमोर आणतो. त्याने जीव वाचविलेला आहे, आज्ञा पाळलेली आहे, आणि तरी ती मुलगी लाजेने धावत सुटते व गाडीखाली मरते. यंत्राच्या स्वभावातूनच हा अनर्थ निघतो. मग त्याला भावना द्याव्या लागतात, भावनांतून मोह, मोहातून बंड, बंडातून त्याचे तुकडे होऊन कचऱ्याच्या डेपोत जाणे. शेवटी संग्रहालयात ठेवलेला चिट्टी, आपल्याला मोडीत का काढले, याचे कारण सांगतो: तो विचार करू लागला होता. येथे विज्ञान खरे आहे असे नव्हे. वीज अंगावर पडून यंत्राला भावना येत नाहीत. परंतु एकदा कबूल केलेला नियम शेवटपर्यंत पाळला जातो, आणि म्हणून प्रेक्षकाच्या मनात संभावनाविरह उद्भवत नाही. ‘एन्दिरन’वर, यात विज्ञान कुठे आहे, असा आक्षेप फारसा ऐकू आला नाही, याचे रहस्य हे आहे.

‘२.०’मध्ये हा धागा तुटतो. पक्षिराजनचा आत्मा आणि मेलेल्या पाखरांचे आत्मे मिळून जी शक्ती होते तिला चित्रपट ‘ऑरा’ म्हणतो, तिचे ऋण आणि धन असे भेद पाडतो, फोटॉनचे नाव घेतो, आणि एका यंत्राने तिचे शमन घडवून आणतो. मुळात हे एक पिशाच आहे. पिशाच म्हणून ते आले असते तर कोणाचीच तक्रार नव्हती. हॅम्लेटच्या बापाचे भूत कोणत्या मूलद्रव्याचे बनलेले आहे असे कोणी विचारीत नाही. परंतु या पिशाचाला पिशाच म्हणण्याची चित्रपटाला लाज वाटते, म्हणून त्याच्या अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढविला जातो. असा कोट चढविला की दारावर वैज्ञानिक येऊन उभा राहणारच. प्राश्निकाला आमंत्रण चित्रपटानेच दिले आहे. मग तो तपासतो म्हणून रागावण्यात अर्थ नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवावी, कारण मराठीत विज्ञानकथेची जी परंपरा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठविणाऱ्या जयंत नारळीकरांपासून दृढ झाली, तिने वाचकाला एक सवय लावली: कथेतील एक कल्पना मान्य करा, पुढचे सारे तीतून तर्काने निघाले पाहिजे. ही सवय कित्येकदा कलेला जाचकही झालेली आहे, हे कबूल करावे लागते. पात्रे सिद्धांतांची वाहने होऊन बसतात. तरी ती सवय प्रामाणिकपणाची आहे.

एवढ्यावरून ‘२.०’ निकालात काढता आला असता तर बरे झाले असते. तिसऱ्या प्रवाहातील प्रेक्षक ते होऊ देत नाही. त्याला ऑरा पटलेला नाही, लहरींविषयीचा सिद्धांत तो गंभीरपणे घेत नाही, आणि तरी पक्षिराजनच्या दु:खाने तो हललेला आहे. हे कसे? ज्या कारणाला प्रामाण्य नाही त्यातून निघालेल्या शोकाला प्रामाण्य कुठून आले? याचा उलगडा चित्रगृहात होत नाही. त्यासाठी चित्रगृहाबाहेर, जेथे असा प्रेक्षक राहतो तेथे जावे लागते.

चेन्नईच्या दक्षिणेस, पूर्वी ज्याला जुना महाबलिपुरम रस्ता म्हणत आणि आता राजीव गांधी सालै म्हणतात त्या रस्त्यावर, पेरुंगुडी आहे. रस्त्याच्या कडेने संगणक-व्यवसायाच्या काचेच्या उंच इमारती आहेत. देशाच्या सर्व भागांतून आलेले तरुण तेथे काम करतात, त्यांत मराठी घरांतलेही पुष्कळ. या इमारतींच्या मागे, पश्चिमेकडे, पळ्ळिकरणैची दलदल पसरलेली आहे. आसपासच्या अनेक तलावांचे पावसाळी पाणी तीत उतरते आणि ओक्कियम मडुवु या वाटेने बकिंगहॅम कालव्याकडे व समुद्राकडे जाते. हिवाळ्यात तेथे रोहित येतात, झोळीवाले येतात, बदकांचे थवे उतरतात. १९६५ च्या सुमारास या दलदलीचा विस्तार साडेपाच हजार हेक्टर होता असे सांगतात. २०२२ साली रामसार यादीत नोंदले गेले ते क्षेत्र सुमारे १,२४८ हेक्टरांचे आहे. मधली जमीन रस्ते, वसाहती, संस्था, कार्यालये यांनी घेतली. आणि दलदलीच्याच एका अंगावर शहराचा कचरा कित्येक दशके पडत आला, तो पेरुंगुडीचा कचरा डेपो. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली होती. साचलेला कचरा खणून वेगळा करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, तेव्हा कुठे पुरलेली जमीन पुन्हा दिसू लागली.

या पेरुंगुडीतून चित्रपटाला गेलेल्या प्रेक्षकाच्या जागी बसून पाहिले म्हणजे दोन्ही चित्रपटांचा एक निराळाच अर्थ उमटतो. चिट्टीचे तुकडे कचऱ्यात फेकले जातात तेव्हा त्याला कोणत्याही रूपकाची गरज नसते. तसा कचरा, तशा घिरट्या घालणाऱ्या घारी त्याच्या ओळखीच्या आहेत. पक्षिराजन पाखरांची जागा गेली म्हणून टाहो फोडतो, तेव्हा ती जागा कोणती हे त्याला पडद्यावर शोधावे लागत नाही; तो स्वत: बसतो ती खुर्ची त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर असते. शोकाला प्रामाण्य येते ते येथून. आणि चित्रपटाची खरी चूकही येथूनच दिसते. पाखरे का नाहीशी होत आहेत, याचे एक कारण डोळ्यांना दिसणारे आहे: पाणथळ भरली गेली, तीवर घरे आणि कार्यालये उठली, उरलेल्या भागात कचरा टाकला गेला. या कारणात सारे गुंतलेले आहेत. इमारत बांधणारा आहे, परवानगी देणारा आहे, तेथे घर घेणारा आहे, तेथे नोकरी करणारा आहे, चित्रपट पाहणारा आहे. चित्रपटाने हे दिसणारे कारण टाळले आणि न दिसणारे निवडले. लहरी कोणाला दिसत नाहीत; त्यांचा दोष तीनचार दुष्ट माणसांच्या माथी मारता येतो; त्या माणसांना मोबाईलांनी ठेचून मारले की प्रेक्षकाची सुटका होते. आपला मोबाईल खिशात घालून तो घरी जातो, आणि त्याच्या घराखालच्या जमिनीविषयी त्याला कोणी काही विचारीत नाही.

म्हणजे मोबाईल कंपन्यांचा आक्षेप ‘हे खोटे आहे’ असा होता. तो खरा ठरला तरी अपुरा आहे. मुख्य आक्षेप असा घ्यावयास हवा की, हे सोयीचे आहे.

येथे १९५४ सालच्या ‘गोजिरा’ या जपानी चित्रपटाची तुलना सुचते. त्या वर्षी मार्चमध्ये बिकिनीजवळच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. नोव्हेंबरात इशिरो होंडा यांनी समुद्रातून उठलेला राक्षस पडद्यावर आणला. राक्षस सर्वस्वी अशक्य आहे. त्याच्या मागचे कारण मात्र रुग्णालयांत पडून होते, आणि प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला ते ठाऊक होते. अद्भुताच्या कोणत्या अंगाला किती सत्य लागते, याचा हा नमुना मानता येईल. ‘२.०’मध्ये मोबाईलांचा पक्षी ही कल्पना त्या राक्षसाच्या तोडीची आहे. निर्जीव वस्तूंच्या चकाकत्या पिसांनी पंख पसरणारा तो पक्षी ज्याने कल्पिला त्याची प्रतिभा सामान्य नव्हे. कमी पडले ते कारण.

कारणांची वाण होती असेही नाही. पेरुंगुडीच्या दक्षिणेस, चेंगलपट्टूच्या बाजूला, तिरुक्कळुकुंड्रम हे टेकडीवरचे देवस्थान आहे. उत्तरेकडील यात्रेकरू त्याला पक्षितीर्थ म्हणत. भर दुपारी दोन पांढरी गिधाडे येऊन पुजाऱ्याच्या हातचा नैवेद्य खात, अशी त्याची शतकानुशतकांची ख्याती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती यायची थांबली. त्याच सुमारास देशभरातील गिधाडे ओस पडत होती. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ नंतरच्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. साथ म्हणून पाहिले गेले, विष म्हणून पाहिले गेले. अखेर २००४ साली कारण कळले: गुराढोरांना वेदनाशामक म्हणून देतात ते डायक्लोफेनॅक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करी. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. गाईचे दुखणे कमी करणाऱ्या करुणेनेच गिधाडांचा संहार केला! एखाद्या कथाकाराने ही कल्पना १९९० साली लिहिली असती तर टीकाकारांनी तिला संभावनाविरहाचे उदाहरण म्हणून दाखविले असते. ॲरिस्टॉटल ज्याला असंभवनीय वाटणारे शक्य म्हणतो ते हेच. अशा कारणाला खलनायक मिळत नाही, हीच त्याची नाट्यदृष्ट्या अडचण आणि हेच त्याचे खरे नाट्य. शंकर यांच्यासोबत या वेळी संवादलेखनासाठी जयमोहन होते. ‘विष्णुपुरम’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या या लेखकाला असल्या गुंतागुंतीचे वावडे असण्याचे कारण नाही. पक्षिराजनच्या पूर्वायुष्याचा भाग, जेथे तो खेटे घालतो, विनवतो, हरतो, तो उर्वरित चित्रपटाहून भाषेने आणि लयीने निराळा आहे, हे लक्षात येते.

त्या भागापाशी पुन्हा येणे प्राप्त आहे. भारतीय काव्यविचाराच्या उगमाशी एका पक्ष्याचा मृत्यू आहे. क्रौंचाच्या जोडीतील एक व्याधाच्या बाणाने पडला, वाल्मीकीचा शोक श्लोक झाला, आणि आनंदवर्धनाने काव्याचा आत्मा सांगताना त्याच प्रसंगाची साक्ष काढली. तेथे व्याधाला शाप आहे. पण शाप उच्चारताच ऋषी आपल्याच वाणीकडे चकित होऊन पाहतो, आणि सूड मागे पडतो. पक्षिराजनच्या हातातही मेलेली पाखरे आहेत. त्याचा शोक श्लोकात जात नाही, क्रोधात जातो. करुणाचा स्थायी सोडून चित्रपट रौद्राकडे वळतो, आणि रौद्राला तोंड देण्यासाठी अद्भुत उभे करतो. मर्ढेकरांनी लयीचे जे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले त्यांच्या भाषेत बोलायचे तर येथे विरोध भरपूर आहे, समतोल मात्र बाहेरून आणून बसविला आहे. पक्षिराजनला हरविण्यासाठी कबुतरांवर बसून सूक्ष्म यंत्रमानव येतात. पाखरांवरची त्याची माया हेच त्याचे मर्मस्थान, तेथेच घाव घातला जातो. चित्रगृहात या प्रसंगाला हशा आणि टाळ्या मिळतात. भरताच्या आदर्श प्रेक्षकाचे लक्षण असे आहे की, पात्र दीन झाले की तोही दीन होतो. आणि असा सर्वगुणसंपन्न प्रेक्षक एका ठिकाणी सापडत नाही, हेही भरताने प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे. तिसऱ्या प्रवाहातील प्रेक्षक या एका क्षणी त्या लक्षणाच्या जवळ जातो. इतर हसत असताना त्याला हसू येत नाही. यंत्रमानवाने जगाला वाचविले, आणि ज्या उपायाने वाचविले तो उपाय पक्षिराजनच्या तक्रारीला पुष्टी देणारा होता, एवढे त्याला कळते.

शेवटी रुग्णालयातील खाटेवरून वसीगरन मंत्र्याला सांगतो की, मेलेल्याच्या म्हणण्यात तथ्य होते, टॉवरांवर काही बंधन घाला. हे वाक्य चित्रपटाच्या अगदी अखेरीस येते. तोवर पक्षी पडलेला असतो, मोबाईल पुन्हा माणसांच्या हाती आलेले असतात, आणि चित्रगृहातील पुष्कळजण आसनावरून उठलेले असतात. ते उठणे भरताने सांगितलेल्या अभ्युत्थानापैकी नव्हे, दाराकडे जाण्यासाठी केलेले असते.